भाकरीच्या मागोमाग पुण्यापर्यंत

लोक काश्मीरला जाऊन येतात, केरळला जाऊन येतात आणि मग चार पानं लिहितात. मी कडक भाकरीच्या मागे तीन दिवस फिरून आले आहे आणि तेवढ्यावर लिहायला बसले आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या सोलापूरच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. परवा एका पाहुणीनं मला तसं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर उलटसुलट करत पार कुरकुरीत होईपर्यंत ठेवायची. महिनाभर टिकते. दुधात कुस्करा, आमटीत कुस्करा, नाहीतर शेंगाची चटणी आणि दही घेऊन नुसतीच खा. हे हाताचं काम आहे आणि ते आमच्या बायकांइतकं कुणाला जमत नाही. बढाई वाटली तर वाटू द्या.

मी जुळे सोलापुरात राहते आणि एका विकाससंस्थेत नोकरी करते. पूर्वी आम्ही बायकांना शिवणयंत्रं वाटायचो, फोटो काढायचो आणि वर्षानं बघावं तर यंत्रावर वाळवण घातलेलं असायचं. शिवलेलं घेणार कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. आता नव्या प्रकल्पात पद्धत बदलली. तिला म्हणतात मूल्यसाखळी. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. ज्वारी शेतात उभी असल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या ताटात पडेपर्यंत तिला कुणाकुणाचे हात लागतात ते ओळीनं बघायचं. कुठल्या हातात मालाचं मोल वाढतं, कुठल्या हातात माल नासतो, ते शोधायचं आणि जिथं दुखतंय तिथंच औषध लावायचं.

आमचं दुखणं पुण्याहून आलं. तिथल्या एका दुकानात आमच्या प्रकल्पातल्या बायकांच्या गटाच्या भाकऱ्या जातात. दुकानाच्या मालकीणबाईंनी कळवलं, की प्रत्येक पाकिटात तीनचार भाकऱ्यांचे तुकडे निघतात. पुढच्या खेपेलाही तसंच झालं तर माल बंद.

गटात बारा बायका आहेत. त्यांच्या प्रमुख शेवंताआक्का. वय साठीच्या अलीकडे, आवाज शेजारच्या गल्लीत पोचणारा. याच आक्कांनी घरोघर फिरून बाकीच्या अकराजणींना धुण्याभांड्याची कामं सोडायला लावली होती. "माझ्यावर भरवसा ठेवा, पुन्याचं काम हाय, तुटनार न्हाय," असं सांगून. पुण्याचं काम गेलं असतं तर त्या अकराजणींच्या दारात जाऊन काय सांगायचं, हा आक्कांना घोर लागला होता.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तुम्ही साखळी फिरून या आणि अहवाल द्या." मी म्हटलं, आक्कांना घेऊन जाते. ते म्हणाले, "लाभार्थी कशाला?" मी म्हटलं, "साहेब, भाकरी मला थापता येत नाही, तुम्हालाही येत नाही. तुटली कशी, ते आपण दोघं कागद बघून सांगणार का?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणजे हो.

पहिला दिवस : मंगळवेढ्याची काळी रानं

मंगळवेढ्याच्या बाजूचं रान ज्यानं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! झाड नाही, टेकडी नाही, नजर कुठं अडतच नाही. सगळीकडे काळी माती आणि तिच्यावर शाळूची उभी ज्वारी. पावसाळा कधीच संपलेला असतो. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर हे पीक येतं. दुसऱ्या भागातली माणसं उसाला पाणी पाजून दमतात आणि आमची ज्वारी काही न मागता कणसात दाणे भरते. एसटीच्या खिडकीतून ते बघताना माझी छाती उगाचच फुगली.

ज्या आबांची ज्वारी आमच्या गटाला येते, त्यांच्या रानात काढणी चालू होती. गडीमाणसं ताटं मुळासकट उपटून पेंढ्या बांधत होती. आमच्या ऑफिसातला पहिला संशय इथलाच होता, की आबा चांगल्या ज्वारीत हलकी मिसळतात, म्हणून भाकरीला चिकटपणा राहत नाही. मी हे जरा आडवळणानं विचारलं. आक्कांना आडवळण ठाऊक नाही.

"आबा, तुमी भेसळ करताय म्हनं?"

आबांचा चेहरा असा पडला, की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी घरात जाऊन पाटीभर ज्वारी आणली आणि आक्कांपुढं ठेवली. आक्कांनी दाणा दाताखाली फोडला, मूठभर ज्वारी उन्हात धरून बघितली आणि म्हणाल्या, "पीठ हाय का घरात?"

मग आबांच्या चुलीपुढं आक्का बसल्या. आबांच्या मालकीण बाजूला उभ्या. आधणाचं पाणी पिठात पडलं, मळून झालं आणि आक्कांचा हात परातीत फिरायला लागला. भाकरी परातभर मोठी झाली, कडेला एक चीर नाही. आबांच्या मालकीण सांगत होत्या, "आमी जन्मभर भाकरी थापतोय, पर येवढी पातळ न्हाय बगा."

"ज्वारी नंबर एक हाय," आक्का म्हणाल्या. "आबा, माफी करा. ह्या मॅडमच्या कागदात तसं लिवलं हुतं."

सगळं माझ्यावर! असो. आबांना मी पिशवीतलं पुठ्ठ्याचं, झाकणाचं पाकीट दाखवलं. आपली ज्वारी पुण्यात अशा चकचकीत पाकिटातून विकली जाते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पाकिटावर नथ घातलेली, हातभर बांगड्या ल्यालेली एक गोरी बाई भाकरी थापताना छापली आहे. आबांनी ते पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"ह्यात माजी ज्वारी हाय?"

"तुमचीच."

"मंग ही बाई कोन?"

आक्का म्हणाल्या, "कोन की! येवढ्या बांगड्या घालून भाकरी थापली तर निम्मं पीठ बांगड्यात जायाचं." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जेवायला पिठलं, लसणाची चटणी, घट्ट दही आणि आक्कांच्याच गरम भाकऱ्या होत्या. आबांनी पाकीट मागून घेतलं आणि भिंतीवरच्या देवांच्या फोटोंशेजारी खोचून ठेवलं. म्हणाले, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीन. मला खरंच भरून आलं.

दुसरा दिवस : टेम्पोत, आणि नातेपुते

सोलापूरहून पुण्याला सरळ हमरस्ता आहे. आमची भाकरी मात्र आधी नातेपुत्याला जाते आणि मग पुण्याला. का? कारण आमचे व्यापारी नाना नातेपुत्याचे आहेत, पुण्याच्या दुकानाशी त्यांची ओळख आहे आणि त्यांचा माल तिथूनच भरतो. आम्ही इतके दिवस हे कुणाला विचारलंही नव्हतं. असल्या गोष्टी साखळी स्वतः फिरल्यावरच कळतात.

माल भरला तेव्हा दुसरा संशय सलीमभाईंवर होता. सलीमभाई आमचे टेम्पोवाले. आक्का त्यांना म्हणाल्या, "सलीमभाई, तुमी खड्डा बगून चालवत न्हाय असं मॅडमचं म्हननं हाय." पुन्हा मीच!

"क्या बोलते आक्का," सलीमभाई दुखावून म्हणाले, "मेरे गाडी में अंडे जाते, एक नै फूटता. तुमारी भाकरी क्या अंडे से नाजूक है?"

खात्री करायला आक्का मागं खोक्यांपाशी बसल्या. आता त्या मागं बसल्या म्हटल्यावर मला पुढं बसायची लाज वाटली, म्हणून मीही मागं. पंढरपूर सोडलं आणि एका वळणावर माझी एक चप्पल सरळ रस्त्यावर! ओरडले, पण वाऱ्यात कोण ऐकतंय. आक्कांना मात्र एवढं हसू आलं की त्यांनी खोक्यांना मिठी मारली. बाकी सलीमभाईंनी खरोखर खड्डा आला की गाडी चालत नेल्यासारखी नेली. माझ्या कमरेनं साक्ष द्यावी.

नातेपुत्याच्या बाजारात मी एका पायात चप्पल घालून उतरले. बाजाराचा दिवस होता, लोक वळून वळून बघत होते. आधी चप्पल घेतली, मग चहा घेतला. हा चहा वेगळा सांगायला हवा. आमच्या सोलापुरात चहा आटवून, गोड करून, छोट्या पेल्यात देतात आणि दोन घोटात विषय संपतो. इथं मोठा कप, आलं दाबून घातलेलं आणि समोरचा म्हणतो, "सावकाश घ्या की, काय घाई हाय?" आक्कांनी बशीत ओतून दोन कप घेतले.

नानांचं गोदाम स्वच्छ होतं. तिसरा संशय असा, की तिथं खोकी एकावर एक रचतात. पण खोकी फळीवर मांडलेली, चारच्या वर थर नाही. नानांनी सलीमभाईंच्या गाडीतून नुकतंच उतरवलेलं एक खोकं आमच्यासमोर उघडलं, त्यातलं एक पाकीट काढून कान लावून हलवलं. आत खुळखुळ वाजलं.

"ऐका," नाना म्हणाले. "गोदामात पाऊल टाकायच्या आधीच तुटल्यात. ज्वारी चांगली, गाडी चांगली, गोदाम चांगलं. मग राहिलं कोण? बाई, राग मानू नका, पण तुमच्या बायकांना काम येत न्हाय. भाकरी कच्ची राहतीय."

आक्का बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले तेव्हा म्हणाल्या, "चाळीस वर्स झाली मला थापाय लागून. सासूनं नावं ठिवली, पर भाकरीला न्हाय ठिवली." डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना पुसायचंही नव्हतं. मला नानांचा इतका संताप आला, की मी आत जाऊन त्यांना सुनावणार होते. पण सुनावणार काय? पाकीट खुळखुळत होतं हे खरंच होतं.

तिसरा दिवस : पुण्यातलं दुकान

नानांच्या गाडीनं आम्ही फलटणवरून पुण्याला पोचलो. दुकान एका जुन्या पेठेतलं, लहानसं, पण नेटकं. मालकीण मेधाताई. पन्नाशीच्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी दिली आणि एका बशीत चार बिस्किटं. दोन आक्कांना, दोन मला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी आक्कांकडं बघितलं आणि आम्ही एकेक खाल्लं.

"आक्का, भाकरीची चव उत्तम आहे," मेधाताई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं नाव काढतात. पण तुकडे मी विकू शकत नाही. हा माल शेवटचा असं समजा."

त्यांनी आमच्याच खेपेतलं एक पाकीट घेतलं, वरची चिकटपट्टी कापली आणि भाकऱ्या काउंटरवर काढल्या. वरच्या चार तुटलेल्या. आक्का उठल्या. त्यांनी तुकडे हातात घेतले, कडा बघितल्या, वास घेतला, मोडून बघितले. "कच्ची न्हाय," त्या म्हणाल्या. "नानाला म्हनावं, ये आनि बग. आतपातूर भाजलीया." मग एकेक तुकडा जुळवून त्यांनी काउंटरवर पुन्हा गोल भाकऱ्या मांडायला सुरुवात केली. मेधाताईही मदतीला वाकल्या. दोघी मिळून त्या तुकड्यांच्या भाकऱ्या लावत होत्या आणि शेजारी शाबूत भाकऱ्यांची चळत.

मेधाताई थांबल्या. बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"अकरा आहेत."

पाकिटावर दहा छापलंय. त्यांनी दुसरं पाकीट कापलं. अकरा. तिसरं कापलं. अकरा.

"आक्का, तुमच्याकडे मोजणी चुकते आहे."

"चुकत न्हाय," आक्का म्हणाल्या. "धा तुमच्या, आनि एक वरची."

"वरची म्हणजे?"

आता आक्कांना प्रश्नच कळेना. "म्हंजी वरची! मोजून नेमक्या भाकरी कुनाला देत्यात व्हय? जेवाय बसल्यावर कोन आलं दारात तर? धा म्हंजी धाच दिल्या तर लोक म्हनतील, बायका कुटल्या हायत ह्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. या बायकांच्या शेडमध्ये मी किती वेळा गेले असेन! पाकीट भरताना फोटो काढले, रजिस्टरवर सह्या घेतल्या. वरची एक भाकरी घालून, तळव्यानं दाबून झाकण बसवताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. कारण माझ्या आईच्या घरीही दुरडीतल्या भाकऱ्या कधी कुणी मोजल्या नाहीत. पाकीट आखणाऱ्यानं दहा भाकऱ्यांच्या मापाचं पाकीट आखलं. बाराजणींनी त्यात अकरा बसवल्या. कुणी कुणाला विचारलं नाही आणि आम्ही ज्वारीला, गाडीला, गोदामाला आणि शेवटी आक्कांच्या हाताला बोल लावत राहिलो.

आक्कांना मात्र आता उलगडा झाला होता. त्यांनी एक न कापलेलं पाकीट मागितलं, उघडलं. वरच्या तुटक्या काढून टाकल्या, आधीच्या पाकिटांतल्या धड भाकऱ्या घालून दहा भरल्या, दाब न देता झाकण लावलं आणि ते पाकीट काउंटरवरून सरळ खाली फरशीवर सोडलं. मेधाताई दचकल्या. आक्कांनी पाकीट उचलून कानाशी हलवलं. आवाज नाही. उघडलं. दहाच्या दहा अखंड.

"बगा," त्या म्हणाल्या. "माझ्या बायकांचा हात हाय ह्यो."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्या. दुकानातलं एक गिऱ्हाईक घाबरून बाजूला झालं.

"झालं तर मग," मेधाताई म्हणाल्या, "आजपासून दहाच घाला. प्रश्न मिटला."

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

बाराजणींचं काम समोर आहे, बाई हो म्हणतेय आणि या नाही म्हणतायत! मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी माझा हात झटकला.

"ताई, काम गेलं तर आमी पुन्ना भांडी घासू, त्यात काय कमीपना न्हाय. पर माझ्या बायका दारात आलेल्याला उपाशी ठिवून धा मोजायच्या न्हाईत. तुमी डबा बोटभर उंच करा."

मेधाताईंनी बोट लावून पाकिटाची उंची बघितली. मग म्हणाल्या, "ठीक. उंच पाकीट करून पाठवा, मी एक खेप घेते. मग पाकिटावर अकरा छापू. गिऱ्हाइकाला फायदाही दिसेल."

"छापू नका," आक्का म्हणाल्या. "छापल्याव ती मोजल्याली झाली की."

"मग गिऱ्हाइकाला कळणार कसं?"

"उगडल्याव कळतंय."

मेधाताई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. निघताना त्यांनी बिस्किटांचा अख्खा पुडा आक्कांच्या पिशवीत कोंबला.

परत

परतीची गाडी कुर्डुवाडीला जरा जास्तच थांबली. आक्कांनी तोवर शेजारच्या प्रवाशांना तो पुडा वाटून संपवला होता आणि आमच्या भाकरीचं सगळं पुराण सांगितलं होतं. समोरच्या एका बाईंनी पत्ताही लिहून घेतला.

ऑफिसात साहेब म्हणाले, नवं पाकीट म्हणजे नवा साचा, नवा खर्च, त्यापेक्षा बायकांचं प्रशिक्षण घ्या. कशाचं प्रशिक्षण? दहा मोजायचं! मी म्हटलं, "साहेब, ह्या बायकांना शिकवण्यासारखं आपल्याकडे काही नाही. पाकीट आपण चुकीचं केलं, ते आपण बदलू." आवाज जरा चढला असेल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. इतकी वर्षं या नोकरीत मी बायकांना बदलायला निघालेले अहवाल लिहिले. यावेळी पहिल्यांदा पाकीट बदला असं लिहिलं. तो अहवाल मी घरी नेऊन आईलाही वाचून दाखवला.

बोटभर उंच पाकिटातून पहिली खेप गेली आणि ती दुकानात पोचून दोन दिवस झाले तेव्हा मी शेडमध्येच होते. बाराजणी थापत होत्या, पण कुणाचं लक्ष कामात नव्हतं. दुपारी मेधाताईंचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. एकही तुकडा नाही, म्हणाल्या. पुढची खेप दुप्पट पाठवा. शेडमध्ये असा गलका झाला की पुढचं ऐकूच येईना. आक्कांनी सगळ्यांना गप्प केलं, कारण मेधाताई अजून बोलत होत्या.

"आक्का, इथे एक बाई आल्यायत. तुमच्या पाकिटात एक भाकरी चुकून जास्त आली म्हणून परत द्यायला. कागदात गुंडाळून आणलीय. मी सांगून थकले, त्या घेतच नाहीत. तुम्हीच बोला."

पलीकडून एक म्हातारा, फार सभ्य आवाज आला. "अहो, जी आमची नाही ती आम्ही कशी ठेवून घ्यायची?"

आक्कांनी पिठाचे हात पदराला पुसले.

"बाई, घरात कोन कोन असतंय?"

"मी एकटीच असते."

"मंग बराबर हाय तुमचं," आक्का म्हणाल्या. "ती तुमची न्हायच. कुनाला तरी जेवाय बोलवा."